विमल, तुझी बाजू मांडली

विमल,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोला म्हणाले, मी उठलेच नाही. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझे विद्यार्थी पार रस्त्यापर्यंत उभे होते आणि जो तो माईक हातात घेऊन सांगत होता, मॅडम किती शांत, किती मृदू बोलणाऱ्या. मला त्या गर्दीत हसू यायला लागलं. शांत? तू? नांदेडच्या बसस्टँडवर बर्लिनच्या भिंतीवरून तू माझ्याशी एवढ्या मोठ्यानं भांडली होतीस, की लातूर गाडीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "बाई, कुणाची भिंत हाय? वाटणीचं भांडण हाय का?" आणि तू त्याला चेहरा तसाच ठेवून म्हणालीस, "हाव. दोघा भावांच्या वाटणीचंच हाय." हे मी तिथं सांगितलं असतं तर तुझ्या मिस्टरांना, भाऊजींना, बरं वाटलं असतं. बाकीच्यांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून गप्प राहिले. आता जे आहे ते तुलाच सांगते.

आपल्या दोघींचं पहिल्यापासून सगळं उलटंच. तू औशाकडची, म्हणजे लातूर जिल्ह्यातली, नोकरी लागली नांदेडच्या कॉलेजात. मी नांदेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, नोकरी लागली लातूरला. एम.ए.ला एका खोलीत राहिलो, विषय दोघींचा राज्यशास्त्र, आणि जन्मभर भांडलो तो धडाही एकच. महायुद्धानंतर साम्यवाद आणखी पसरू नये म्हणून अमेरिकेनं जे धोरण धरलं, त्यानं जगाचं भलं झालं की वाटोळं? पोरांना हा प्रश्न परीक्षेत यायचा, फायदे-तोटे लिहा म्हणून. पोरं पाच फायदे आणि पाच तोटे घोकून मोकळी व्हायची. आपल्या दोघींना ते कधी जमलं नाही. तू फायद्याची, मी तोट्याची, आणि दरवर्षी परीक्षेच्या आधी एकदा तू माझ्या वर्गावर यायचीस किंवा मी तुझ्या. निवृत्त झालो तरी दोन्ही कॉलेजांनी तो रिवाज मोडू दिला नाही.

लोकांना आपल्या बाजूंचं नवल वाटायचं. मजुरी करणाऱ्या आईची लेक अमेरिकेची तरफदारी करते म्हणजे काय, असं माझे सहकारी मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे. मी म्हणायचे, तिलाच विचारा. विचारलं की तू त्यांना दप्तराची गोष्ट सांगायचीस.

बहात्तरच्या दुष्काळात तू शाळेत होतीस. दुपारी सुकडी मिळायची, कधी पावडरचं दूध. अमेरिकेहून आलेल्या धान्याच्या रिकाम्या पोत्यावर दोन हात एकमेकांत गुंतलेले छापलेले असायचे. तसलं एक पोतं गुरुजींनी तुझ्या आईला दिलं आणि आईनं त्याचं दप्तर शिवलं, ते दोन हात बरोबर समोर येतील असं. त्याच वर्षी वाचनालयातल्या जुन्या रशियन मासिकांची गुळगुळीत पानं गुरुजींनी पोरांना वाटली, पुस्तकांना कव्हरं घालायला. ट्रॅक्टरवर बसून हसणाऱ्या गोबऱ्या बायकांची पानं. "म्हंजे बघ शालू," तू सांगायचीस, "दप्तर अमेरिकेचं, कव्हर रशियाचं, आन् मधी इतिहासाचं पुस्तक. मला तवाच कळलं का हे दोघं आपल्यासाठी भांडून राहिलेत. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ."

"आणि व्हिएतनामला कोणता लाभ झाला?" मी विचारायचे.

"ते तू सांग की तुझ्या पाळीला."

मी सांगायचे. खेडीच्या खेडी जाळली ते सांगायचे. साम्यवाद नको म्हणून कुठल्या कुठल्या हुकूमशहांना मांडीवर घेतलं, निवडून आलेली सरकारं उलथवली, पाकिस्तानला बंदुका दिल्या, एकाहत्तरला आपल्या अंगावर आरमार पाठवलं, अफगाणिस्तानात ज्यांना हत्यारं पुरवली ते पुढं कुणावर उलटले, सगळं सांगायचे. माझा आवाज चढायचा. आणि गहूसुद्धा प्रेमानं नव्हता दिला बाई, व्हिएतनामबद्दल आपण चार शब्द उणे बोललो तर गव्हाची जहाजं अडकवून ठेवली होती, हेही सांगायचे. तू वहीवर रेघोट्या ओढत ऐकायचीस. मग म्हणायचीस, "पोटाला कारण कळत न्हाई शालू." यावर मी आणखी चिडायचे.

तू शिकवायचीस मात्र अशी, की माझी पोरं घरी जाऊन तुझंच बोलायची. शेजाऱ्याच्या रानात हरळी माजली. त्याच्या रानात घुसून ती उपटता येत नाही, डोकी फुटतील. आणि गप्प बसलं तर ती बांधाखालून आपल्या रानात येणार. मग शहाणा माणूस काय करतो? आपल्या बांधाला लागून खोल चर खणतो आणि वाट बघतो. हरळी तिकडंच माजते आणि तिकडंच एक दिवस वाळते. अमेरिकेनं हेच केलं, तू म्हणायचीस. अणुबॉम्ब दोघांकडं होते, तरी तिसरं महायुद्ध झालं नाही. निम्मा युरोप उभा राहिला. दक्षिण कोरिया उभा राहिला. आणि शेवटी तिकडचं राज्य आपल्याच वजनानं बसलं, बाहेरून कुणी गोळी झाडली नाही. धीर धरणारं धोरण होतं ते, तू म्हणायचीस, आणि धीर ही काही लहान गोष्ट नाही.

एका वर्षी तुझ्या विद्यार्थ्यानं पेपरात जसंच्या तसं लिहिलं की अमेरिकेनं हरळी रोखण्यासाठी चर खणला. तपासणाऱ्या सरांनी तो पेपर सगळ्यांना दाखवला, ही हरळी कुठल्या खंडात येते म्हणून. तूही तिथंच पेपर तपासत बसली होतीस. उठून त्यांना भर हॉलमध्ये अख्खा धडा शिकवलास आणि पोराचे मार्क वाढवूनच खाली बसलीस. परत येताना मला फोन केलास. हसता हसता तुला ठसका लागला होता.

पण तुझ्या हरळीला तोड मीच काढली, हे कबूल कर. मी म्हटलं, "विमल, चर चांगला आहे. पण तो तुझ्या बांधावर कधी खणलास तू? चर नेहमी तिसऱ्याच्या रानातून जातो." तू पोरांकडं वळून म्हणालीस, "हे लिहून घ्या रे. हे भारी हाय." भांडणात समोरचीचं चांगलं वाक्य स्वतःच्या विद्यार्थ्यांना उतरवून देणारी माणसं मला दुसरी भेटली नाहीत.

ही सवय तुला अण्णांची. माझ्या वडिलांची. अण्णा रेल्वेत गँगमन आणि मरेपर्यंत लाल झेंड्याचे. क्वार्टरमागच्या लिंबाखाली त्यांच्या युनियनची बैठक बसायची आणि तिथं त्यांचा एकच कायदा होता. ज्याला उत्तर द्यायचं त्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं मांडायचं. त्याला पटेल असं मांडायचं. तो "हाव, असंच" म्हणाला, तरच आपली पाळी. नाही म्हणाला तर पुन्हा मांडायचं. अण्णा म्हणायचे, "निम्मी भांडणं तर कुणी न बोललेल्या गोष्टीवरच होतात. खामखा." मी लहानपणापासून ते ऐकत आले आणि त्याकडं लक्ष दिलं नाही. तू नोकरीला नांदेडला आलीस, पहिलं वर्षभर आमच्याच घरी जेवलीस, आणि एका बैठकीतच तो कायदा उचललास. आपल्या वर्गातल्या भांडणालाही तूच तो लावलास. आधी तू माझी बाजू मांडायचीस, मी हाव म्हणायचं. मग मी तुझी मांडायची, तू हाव म्हणायचीस. त्यानंतर खरं भांडण. मी कधी पटकन हाव म्हणून टाकायचे, घाई असायची मला. तू नाही. तू मला एकाच वाक्यावर तीन-तीनदा परत फिरवायचीस. "न्हाई. असं न्हाई म्हणले मी. पुन्हा सांग."

आमच्या घरी तू आणि अण्णा रोज भांडायचात. "म्हंजे मी हरळी का गं?" अण्णा विचारायचे. "तुम्ही न्हाई अण्णा, तुमचा पक्ष," तू म्हणायचीस, आणि दोघंही पोटभर हसायचात. मी लातूरला असायचे, महिन्यातून एखादवेळी यायचे, आणि माझ्याच घरात मला पाहुणी झाल्यासारखं वाटायचं. त्यांना शुगर निघाली ते मला तुझ्याकडून कळलं. त्यांचा चष्मा तू बदललास. साम्यवाद रोखला पाहिजे म्हणणारी बाई एका म्हाताऱ्या साम्यवाद्याच्या पायाला तेल लावून द्यायची, आणि तेल लावतानाही त्याला पूर्व युरोपचे दाखले द्यायची.

एक दुपार मी अजून कुणाला सांगितलेली नाही. रशियाचा झेंडा उतरला ते दिवस. मी सुट्टीत नांदेडला आले होते. अण्णांनी बोलणं सोडलं होतं. रेडिओ बंद, पेपर तसाच घडी घातलेला. मला वाटलं, आता तू येशील आणि म्हणशील, बघा, वाळली का न्हाई? तुझा हक्कच होता तो. जन्मभराचं भांडण तू जिंकली होतीस.

तू आलीस, पिशवीतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढलीस, अण्णांसमोर खाली बसलीस. म्हणालीस, "अण्णा, आज तुमची बाजू मी मांडते. बरोबर हाय का सांगा." आणि तू मांडलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तू म्हणालीस, राबणाऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं की तू चोर नाहीस, तुझं चोरलंय. ते सांगणाऱ्यांनी पुढं चुका केल्या, माणसं मारली, खोटं बोलले, भिंती बांधल्या. पण ते सांगणं खोटं नव्हतं. आणि जगात कुठंतरी असं राज्य आहे, नुसतं आहे, या धाकानं इकडच्या मालकांनी पगार वाढवले, सुट्ट्या दिल्या, आणि दुष्काळात दूरच्या पोरीला सुकडी पाठवली. ज्यांना रोखलं त्यांच्याच भीतीनं माझं पोट भरलं. असंच म्हणायचंय ना अण्णा तुम्हाला?

अण्णांनी इतकं चांगलं कधी मांडलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. ते म्हणाले, "हाव, विमल. असंच."

आता तुझी पाळी होती. तू उठलीस आणि म्हणालीस, "माझं राहू द्या. भाकरी वातड होऊन राहिली." आणि त्यांच्या ताटात चटणी वाढलीस. नंतरही त्या विषयावर अण्णांशी तू कधी आपली बाजू काढली नाहीस. मी सख्खी लेक, त्या दिवशी दारातच उभी राहिले. याबद्दल मी तुला कधी धन्यवादही दिले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती. आता देते, तर घ्यायला तू नाहीस.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण दोघी तिथं पत्र्याच्या शेडमध्ये पोरांना घेऊन राबलो. परदेशातून तंबू आले, औषधं आली, डॉक्टर आले. दुपारी जरा टेकलो तेव्हा मी तुला डिवचलं, "बघ, आता कुणाला रोखायचं नाही, कसली भीती नाही, तरी माणसं आलीच की. तुझी सुकडी काय धोरणामुळंच आली होती असं नाही." तू पाण्याची बाटली तोंडाला लावलीस, सावकाश प्यालीस. "आले. आन् जातील बी लवकर. भीती असती तर राहिले असते." मला तुझा फार राग आला. तू कधीकधी इतकी कडू बोलायचीस. पण ते गेलेही, आणि आपल्या या भागाकडं नंतर कुणी फारसं वळून बघितलं नाही. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस.

आता शेवटचं. डिसेंबरात मी तुला बघायला आले. कॅन्सरनं तू एवढीशी झाली होतीस, पलंगावर उशांना टेकून बसलेली, खिडकीतून ऊन पायावर घेत. भाऊजींनी कोरा चहा आणून ठेवला. टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालल्या होत्या. चीनला कसं रोखायचं, कोणकोणत्या देशांनी हातात हात घालायचा, त्यात आपण कुठं. मी म्हटलं, "घे. तुझंच धोरण परत आलं. खूश हो. या खेपेला चर आपल्याच रानातून जाणार आहे."

तू हसली नाहीस. म्हणालीस, "माझं म्हणणं जरा बदलून राहिलंय शालू."

"म्हणजे? तू माझ्या बाजूला आलीस?"

"तुझ्या बाजूला कशाला येऊ? तिसरंच हाय काहीतरी. लई दिवस मनात घोळून राहिलंय."

"मग सांग की."

"न्हाई. वर्गात सांगते, पोरांसमोर. आत्ता सांगितलं तर तू तयारी करून येशील."

डोळ्यात तीच जुनी खोडी. मी हट्ट धरला, तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं दमली असेल, झोपू दे. जानेवारीतला आपला भांडणाचा वर्ग काही लांब नव्हता. मी पाचची गाडी धरून लातूरला आले आणि खरंच तयारी करत बसले. म्हटलं, काय बदललं असेल? युरोपचं? गव्हाचं? तू काय बोलशील आणि मी काय बोलेन याची मनात उजळणी करत होते तोच भाऊजींचा फोन आला.

मला तुझा राग येतो विमल. दु:ख तर आहेच, ते मी काय सांगू. सकाळी चहा घेताना पेपरात काही वाचलं की हात फोनकडं जातो. पण राग जास्त येतो. एका वाक्यात सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं?

काल तुझ्या कॉलेजात गेले. तुझीच विद्यार्थिनी आता तिथं विभागप्रमुख आहे. तिनं विचारलं होतं, मॅडम, या वर्षी रद्द करू का? मी म्हटलं, करू नका. या खेपेला दोन्ही बाजू मीच मांडते म्हणाले. तुझी खुर्ची त्यांनी टेबलाच्या डाव्या हाताला ठेवली होती, तू बसायचीस तिथंच. वर्ग भरलेला होता. कायदा पोरांना ठाऊक होता, आधीच्यांनी पुढच्यांना सांगितलेला.

मी आधी तुझी बाजू मांडली. दप्तर सांगितलं, त्यावरचे दोन हात सांगितले. हरळी सांगितली, चर सांगितला. न झालेलं महायुद्ध, कोरिया, आपल्याच वजनानं बसलेलं राज्य, आणि धीर ही लहान गोष्ट नाही, हे तुझ्याच शब्दांत सांगितलं. कुठं काही पातळ केलं नाही. इतकं चांगलं मी तुझं कधीच मांडलं नव्हतं. मधे एकदा थांबले, पाणी प्याले, पुन्हा मांडलं. मग पोरांना खरं ते सांगितलं, की ही मॅडमची गेल्या वर्षीपर्यंतची बाजू आहे. यंदा त्यांचं काहीतरी बदललं होतं. काय, ते मला माहीत नाही.

मग सवयीनं मी तुझ्या खुर्चीकडं मान वळवली आणि थांबले. नुसती थांबले. पोरंही थांबली. बाहेर कुणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती. वर्गातून एकही जण हाव म्हणाला नाही, आणि ते बरंच झालं, ते म्हणण्याचा हक्क त्यांचा नव्हता. विभागप्रमुख बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, आता तुमची बाजू?"

माझ्यापुढं कागद होते. व्हिएतनाम होतं, हुकूमशहा होते, तिसऱ्याच्या रानातून जाणारा चर होता. सगळं तयार होतं.

मी कागदांची घडी घातली. म्हटलं, "माझी पाळी अजून आलेली नाही." आणि तुझ्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.